सांजदिव्याची ओळख

दत्तकृपा कॉलनीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात संक्रांतीच्या वाणात आलेल्या प्लास्टिकच्या डब्यांची इतकी गर्दी झाली होती, की त्या डब्यांत ठेवायला दुसरे डबेच तेवढे उरले होते. म्हणून त्या वर्षी कुंदा घोरपडेंनी ठरवलं, यंदा वाण लुटायचं तर असं, की बायकांनी वर्षभर नाव काढलं पाहिजे.

नाव निघालं. कसं निघालं, तीच ही गोष्ट.

कुंदाबाई कराडच्या मुलींच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. त्यांचा मुलगा सुयोग घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा तालुक्याचा वितरक होता, आणि त्या कंपनीचा ‘सांजदिवा’ तेव्हा घराघरात पोचत होता. पितळेच्या समईसारखा दिसणारा, वीतभर उंचीचा. देवघरात ठेवायचा, इंटरनेटला जोडायचा. दिवेलागणीला आपोआप उजळायचा. घरातलं माणूस खोलीत आलं की त्याचं नाव घेऊन म्हणायचा, “शुभ संध्याकाळ.” अनोळखी कुणी आलं, तर गोड आवाजात सांगायचा, “पाहुणे आले.” म्हाताऱ्या माणसांना त्याचं भारी कौतुक. आजोबा रात्री न्हाणीघरात पडले तर दिवा लगेच मुलाच्या फोनवर कळवायचा.

हळदीकुंकवाला कुंदाबाईंनी पहिलं वाण मंदा पोळला दिलं. मंदाचे यजमान गेल्यापासून तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर कॉलनीत कुजबुज व्हायची. कुंदाबाईंनी ती कुजबुज एका नजरेत बंद केली होती. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मंदाने दिवा ओटीत घेतला आणि सुयोगने त्याच आठवड्यात घरोघर जाऊन सगळे दिवे जोडून दिले.

“यात कॅमेरा नाही ना रे?” मंदाने विचारलं होतं.

“कॅमेरा नाही, माइक नाही, काही नाही मावशी,” सुयोग म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. पण पुरतं खरंही बोलत नव्हता.

दिव्याला डोळ्यांची गरजच नव्हती. घरातलं वायफाय म्हणजे खोलीभर पसरलेल्या रेडिओलहरी. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे या लहरी त्याच्यावर आपटून परततात. माणूस हलला की परतणारी लहर बदलते. चालण्यात प्रत्येकाचा एक ताल असतो, पाऊल किती वेळ टेकतं, कुठलं आधी उचलतं, कुठलं रेंगाळतं. सांजदिवा हा ताल टिपून त्याची खूण करून ठेवायचा आणि त्या खुणेपुढे नाव लिहायचा. भिंतीपलीकडून चालणारा माणूसही त्याला कळायचा. कुंदाबाईंना हे समजलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, “यात काय मोठं? मी मैदानाच्या टोकावरून पोरी चालीवरून ओळखायची.” तेव्हा हसू येत होतं.

चैत्रात मंदाच्या बहिणीची मुलगी प्रणाली तिच्याकडे आली. एका पिशवीनिशी आली, फोन पुण्यातच टाकून. तिचा डावा पाय वाकडा पडायचा. नवऱ्याने, विक्रांतने, तिला जिन्यावरून ढकललं होतं. घोट्याचं हाड मोडलं, तर त्याने दवाखान्यात नेलं ते चार दिवसांनी. ते वाकडंच जुळलं. आईवडील कधीच गेले होते. मावशी कराडला असते एवढं विक्रांतला माहीत होतं, पण मंदाने मधल्या काळात घर बदललं होतं आणि त्या घराचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता.

एरवी कॉलनीत कुणाकडे भाजी काय केली, तेसुद्धा लपत नसे. पण प्रणालीबद्दल बायकांनी तोंडाला जे कुलूप लावलं, ते खरंच कौतुकाचं. दूधवाल्यालाही तिचं नाव कळू दिलं नाही. ती हळूहळू खायला लागली. झोपायला लागली. कुंदाबाईंकडे येऊन लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसायला लागली. तिला बघून कुंदाबाईंना वाटायचं, चला, निदान एक तरी सुटली.

आषाढ सरताना एका संध्याकाळी ती मंदाच्या देवघरात फुलं घेऊन गेली आणि दिवा म्हणाला, “प्रणाली, शुभ संध्याकाळ.”

तोवर तो तिला “पाहुणे आले” म्हणत होता. प्रणालीला वाटलं, मावशीने तिचं नाव घातलं. मंदाला वाटलं, कुंदाने सुयोगला सांगून घातलं असेल. दोघींनाही बरंच वाटलं आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी, विक्रांत मंदाच्या दारात उभा होता. कॉलनीत कुणाला पत्ता विचारला नाही, फाटकावरच्या पाट्या वाचल्या नाहीत, सरळ दारात. हातात मिठाईचा पुडा.

“प्रणालीला बोलवा मावशी. आत आहे ती. मागच्या खोलीत, भिंतीला टेकून उभी आहे.”

खरंच ती तिथे तशीच उभी होती. मंदाने किंकाळी फोडली, बायका धावल्या, कुंदाबाई तर हातातल्या लाटण्यासकट आल्या. एवढा जमाव बघून तो दोन पावलं मागे सरला. हसत म्हणाला, “आज जातो. पण कुठेही ठेवा तिला. मला कळणारच.”

तो गेल्यावर मंदा कुंदाबाईंकडे वळली. “तुझ्याशिवाय तिला इतकं कोण ओळखतं गं? सुयोग पुण्याला जातो-येतो. बोलली असशील त्याच्यापुढं.”

“मंदे, शुद्धीवर आहेस का?”

“मग कुणी सांगितलं? भिंतीला टेकून उभी आहे, हेसुद्धा कुणी सांगितलं?” आणि मंदाने दार लावून घेतलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे पहिल्यांदाच.

कुंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भिंतीला टेकून उभी आहे, हे वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन त्या देवघरापुढे थबकल्या. दिवा म्हणाला, “कुंदा, शुभ संध्याकाळ.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सुयोगला बोलावून घेतलं.

सुयोगने लॅपटॉप उघडला.  मग जे सांगितलं ते असं. प्रत्येक सांजदिव्यात दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक चोरदार होतं आणि त्याचा पासवर्ड सगळ्या दिव्यांना एकच. कराडच्या दिव्याला जो, तोच नांदेडच्या. दर दिव्याला वेगळा घालायचा तर कारखान्यात काम वाढलं असतं, म्हणून एकच. तो आधी कारागिरांच्या माहितीपुस्तकात छापला गेला, तिथून इंटरनेटवर. मग कुणीतरी एक ॲप बनवून विकायला काढलं. ओळखीच्या माणसाची खूण त्यात घाला. ॲप ती नावासकट राज्यभरातल्या दिव्यांत सोडतं. ज्या दिव्यासमोरून ते माणूस चालेल, तो दिवा घराचा पत्ता आणि ते माणूस कुठे उभं आहे, हे कळवतो.

“विक्रांतच्या घरीही सांजदिवा असणार. दोन वर्षं प्रणाली त्याच्यापुढे चालली, तिची खूण त्याच्याकडे तयार होती,” सुयोग म्हणाला. “आणि तो पाय... तशी चाल दुसरी कुणाची नाही ना. म्हणून चटकन सापडली.”

कुंदाबाई मटकन खाली बसल्या. पाय मोडायचा यानेच, आणि त्याच मोडक्या पायाने तिचा पत्ता याला द्यायचा! आणि मधे दलाल कोण, तर देवापुढचा दिवा. तोही कुणी दिलेला? वाणात, ओटीत घालून, आपणच.

“तुला हे कधीपासून ठाऊक होतं?”

सुयोगने डोळे चुकवले. “उन्हाळ्यात पुण्याला बैठक झाली होती. गिऱ्हाइकांशी या विषयावर बोलू नका म्हणाले. एजन्सी जाईल, आई.”

“उठ,” कुंदाबाई म्हणाल्या. “तुझ्या घरी जेव जा. इथं पान वाढलं जाणार नाही.”

सकाळी त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एक मधाळ आवाज आला; माणसाचा की यंत्राचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“पासवर्ड सुरक्षित ठेवणं ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे, मॅडम.”

“मग सांगा ना कुठून बदलायचा. याला ना बटण, ना पडदा.”

“तशी सोय सध्या उपलब्ध नाही, मॅडम.”

“सोय नाही आणि जबाबदारी माझी?”

“दिवा पहिल्यांदा लावताना आपण अटी मान्य केल्या आहेत.”

“मी कुठं सही केली?”

“दिवा उजळला की अटी मान्य झाल्या असं धरलं जातं, मॅडम. आपला दिवस शुभ जावो.”

देवापुढे दिवा लावणं म्हणजे करारावर सही करणं! कुंदाबाईंना आयुष्यभर मुलींवर ओरडायचा सराव होता, पण या आवाजावर ओरडून उपयोग नव्हता. तो दुखावतच नव्हता.

पोलीस ठाण्यात फौजदार पाटोळे त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली. बाईंना बघून ती खुर्चीतून उठून ताठ उभी राहिली, पण तिच्याही हाती फार नव्हतं. “बाई, मी अर्ज घेते. पण दारात उभा राहिला म्हणून आत कसं टाकू? घरात घुसला असता तर गोष्ट वेगळी.”

“म्हणजे तो घुसेपर्यंत आम्ही वाट बघायची?”

पाटोळेने अर्जावर शिक्का मारला. कायदा तिने थोडाच लिहिला होता.

मग कुंदाबाई घरोघर गेल्या आणि वाण परत मागू लागल्या. वाण परत! असं कुणी कधी ऐकलंय? बायकांनी कानांवर हात ठेवले. “अहो घोरपडे बाई, ओटीत घेतलेलं माघारी कसं द्यायचं?” “आता श्रावण लागेल, आणि देवापुढचा दिवा काढून ठेवू? घरात लहान मूल आहे माझ्या.” चोरांची भीती सांगितली असती तर ऐकलं असतं. पण उजळता दिवा आपल्या हाताने शांत करायचा, हे कुणाच्या मनाला पटेना. कंपनीने समईचा आकार का निवडला असेल, हे कुंदाबाईंना त्या दिवशी पुरतं कळलं.

थोड्या बायकांनी काढलेही. पण मंदाच्या घरी त्यांनी ते सांगितलं, तेव्हा प्रणाली कोरड्या आवाजात म्हणाली, “काकू, इथले सगळे काढाल. दवाखान्यातला कोण काढणार? एसटी स्टँडवरच्या मंदिरातला? मी चाललेच नाही, तरच सुटेन ना.” तिने मावशीची एक जुनी चादर फाडून पाय घट्ट बांधला होता, चाल बदलावी म्हणून. पाऊल काळंनिळं झालं होतं. मंदाला आता सगळं कळलं होतं. ती कुंदाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि कुंदाबाई त्या पावलाकडे बघत बसल्या. 

संध्याकाळी सुयोग आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. “आई, जेवायला नाही आलो. एक सांगायचंय. दिव्याला माणूस जाड की बारीक, म्हातारं की तरुण, हे नीट कळत नाही. चेहरा तर नाहीच. माणूस ओळखायला त्याच्याकडे फक्त पावलांचा ताल. ताल जुळला की तो नाव घेतो.”

“कुणाचाही ताल जुळला तर?”

“तरी तेच नाव घेणार.”

कुंदाबाईंनी कपाट उघडलं आणि मागच्या कप्प्यातली शिट्टी काढली.

आधी त्यांनी प्रणालीला विचारलं. विचारायला जीभ रेटत नव्हती. “पोरी, तुझी चाल आम्हाला शिकवशील का?”

तिचा चेहरा पांढरा पडला. सासरी दिराची मुलं तिच्यामागे लंगडून दाखवायची आणि विक्रांत हसायचा. कुंदाबाईंनी सगळं समजावून सांगितलं.  मग ती मंदाची काठी टेकत उठली आणि पायाची चादर सोडली.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी कुंदाबाईंनी हळदीकुंकू ठेवलं. आरती झाली, दूध-फुटाणे झाले, आणि मग गच्चीवर नऊवारी, पाचवारी, सलवार-कमीज, सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली. आधी जी ती खाली मान घालून चालली, कुणाला हसावं की रडावं कळेना. पोस्टातल्या सावंतवहिनी नाटकात लंगडतात तशा लंगडायला लागल्या. तेव्हा प्रणाली कोपऱ्यातून पुढे आली.

“तसं नाही, वहिनी. टाच आधी नाही टेकवायची. बाहेरची कड आधी. मग दुखतं, म्हणून उजवा पाय घाईनं येतो. बघा... कड... आणि घाई. कड... आणि घाई.”

हे बोलताना तिचा आवाज कापला नाही. गच्चीवर कुणी हसलं नाही. सावंतवहिनींनी पदर खोचला आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या संध्याकाळी कॉलनीभर दिवे म्हणू लागले, “प्रणाली, शुभ संध्याकाळ.” सावंतांच्या घरी म्हणाले, तळमजल्यावरच्या मुल्लाणीभाभींनी कौतुकाने दिवाणखान्यात ठेवलेल्या दिव्याने म्हटलं, ऐंशी पार केलेल्या आक्काआजींना म्हटलं, त्यांना तर मुद्दाम लंगडायचीही गरज नव्हती, थोडं शिकवलं एवढंच. नागपंचमीला बायका माहेरी गेल्या. कुणी विट्याला, कुणी साताऱ्याला, कुणी सांगलीला. माहेरी बहिणी-भावजयांना ही हकिगत सांगितल्याशिवाय कुणाला घास गेला नाही, आणि हकिगत ऐकून लंगडल्याशिवाय कुणी राहिली नाही. ज्या बायकांना आपल्याला शोधणाराही कुणी आहे हे ठाऊक होतं, त्या जरा जास्तच मन लावून शिकल्या. त्या प्रत्येक गावात एकदोन होत्याच.

तिकडे विक्रांतच्या फोनवर त्याची बायको एकाच वेळी पन्नास घरांत फिरायला लागली. तो चिडून पुन्हा कराडला आला. एक दार वाजवलं, सावंतवहिनी निघाल्या. दुसरं वाजवलं, आक्काआजी. कॉलनीतल्या बायका त्याला दारातून बघायच्या आणि शांतपणे आत लंगडत जायच्या. शेवटी दिवेलागणीला त्याने कुंदाबाईंचं दार वाजवलं.

“बाहेर काढा तिला.”

“इथं मी एकटी आहे.”

“खोटं बोलू नका. प्रणाली, देवघराजवळ, एकटी.” त्याने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. “माणूस खोटं बोलतं. दिवा बोलत नाही.”

कुंदाबाईंना भीती वाटली.  तरी त्या दारातून हलल्या नाहीत. तेव्हा त्याने त्यांना ढकललं, दोन्ही हातांनी, सवयीचं काम असल्यासारखं, आणि आत घुसून प्रत्येक खोली धुंडाळली. पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. कुंदाबाई भिंतीला धरून उठल्या, खरोखरच मुका मार लागून लंगडत देवघराकडे आल्या, आणि दिवा गोड आवाजात म्हणाला, “प्रणाली, शुभ संध्याकाळ.”

विक्रांतने वळून पाहिलं. समोर पिकल्या केसांची, घामाघूम झालेली बाई, आणि तिच्यामागे दारात उभ्या राहिलेल्या कॉलनीतल्या बायका. त्याला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कुंदाबाईंनी शिट्टी तोंडात घातली आणि सगळी ताकद लावून फुंकली.

फौजदार पाटोळे आली तेव्हा सहाजणी दार अडवून बसल्या होत्या. “घरात घुसला,” कुंदाबाई म्हणाल्या. “आता तरी चालेल ना?”

“चालेल काय, पळेल आता, बाई,” पाटोळे म्हणाली आणि तिने त्याचा फोन ताब्यात घेतला. ॲप त्यात उघडंच होतं. ते काय आहे, पासवर्ड कुणाचा आणि कंपनीला तो कधीपासून माहीत होता, हे सुयोगने ठाण्यात बसून सगळं लिहून दिलं. एजन्सी गेली. त्या संध्याकाळी कुंदाबाईंनी त्याला पान वाढलं. 

आणि कंपनी? एका बाईचा जीव टांगणीला लागला होता तेव्हा जिला पासवर्ड बदलायची सोय उपलब्ध नव्हती, तिला ती आठवड्याभरात झाली. कारण काय, तर अर्ध्या पश्चिम महाराष्ट्रातून तक्रारी आल्या, आमचा दिवा आम्हाला भलत्याच नावाने हाक मारतो. धंद्याला बट्टा लागला ना! सगळ्या दिव्यांतल्या जुन्या खुणा पुसल्या, दर दिव्याला स्वतःचा पासवर्ड मिळाला, आणि फोनवर निरोप आला: ओळखण्यातली किरकोळ त्रुटी दूर केली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. चूक झाली, असं त्यात कुठेच नव्हतं. किरकोळ! कुंदाबाईंनी तो निरोप मोठ्याने वाचला आणि पुढे जे म्हणाल्या ते देवघरात म्हणायचं नसतं.

दिवा काढून टाकायचं त्यांनी ठरवलंच होतं. वायरला हात घातला, तेवढ्यात तो उजळला आणि त्यांनाच म्हणाला, “पाहुणे आले.”

“माझ्याच घरात मी पाहुणी,” त्या फणकारल्या.

त्याच वेळी प्रणाली डब्यात खीर घेऊन आली. उंबरा ओलांडला, डावं पाऊल कडेवर टेकलं, उजवं घाईने आलं. तिने सवयीने श्वास रोखून धरला.

“पाहुणे आले,” दिवा म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. मग डबा खाली ठेवून मागे वळली, उंबऱ्याबाहेर गेली, आणि पुन्हा आत आली.

“पाहुणे आले.”

ती परत बाहेर गेली. वायर हातात धरून कुंदाबाई उभ्या राहिल्या. तिचं मन भरेपर्यंत त्यांनी ती ओढली नाही.